माझ्या पॅनवर दुसऱ्यानेच लोन उचललंय, आता काय करू?

भांडुपचा_बंड्या
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. बदलापूरला वन बीएचके बघितला, ५१ हजार टोकन दिलं, होम लोनला अप्लाय केलं तर बँकेतला माणूस म्हणतो तुमचा सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) ६११ आहे, एक पर्सनल लोन थकलंय. लोन? मी आयुष्यात मिक्सरसुद्धा हप्त्यावर घेतलेला नाही. रिपोर्ट काढला तर खरंच, कुठल्याशा लोन ॲपचे ३८ हजार, मागच्या सप्टेंबरमधले, एकही हप्ता भरलेला नाही, वर आणखी दोन ठिकाणी माझ्या नावाने लोनसाठी एन्क्वायरी. पत्ता उल्हासनगरचा, मोबाईल नंबर भलताच, पॅन आणि जन्मतारीख तेवढी माझी. कस्टमर केअरवाली म्हणते सर आधी ड्यू क्लिअर करा मग डिस्प्यूट (म्हणजे रिपोर्टमधल्या चुकीवर हरकत) टाका!! पोलीस स्टेशनला गेलो तर हवालदारसाहेब म्हणाले तुमच्या खात्यातून पैसे गेलेत का, नाही ना, मग तक्रार कसली. बायको म्हणते भरून टाका आणि मोकळे व्हा. कायद्याने नक्की काय करता येतं?

रिटायर्ड_कॅशियर
बंड्याभाऊ, एक रुपया भरू नका. ३१ वर्षं काउंटरवर काढलीत म्हणून सांगतो, भरलंत की कर्ज तुमचंच होतं असं समोरचा म्हणायला मोकळा, आणि थोडे पैसे घेऊन त्यांनी 'सेटल्ड' असा शेरा मारला तर पुढची बँक त्याकडेही वाकड्या नजरेनेच बघते. आता डिस्प्यूट. नुसतं सिबिल बघून थांबू नका, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क हे सिबिलसारखेच क्रेडिट ब्युरो पण आहेत, प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. जिथे जिथे हे लोन दिसेल तिथे डिस्प्यूट टाका, त्या दोन एन्क्वायऱ्या पण त्यात घाला, लोक ते विसरतात. ३० दिवसांत निकाल लावायचा असतो, नाही लावला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा आरबीआयचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यात कर्ज देणाऱ्याला २१ दिवस, उरलेले ब्युरोला. म्हणून फोनवर भांडण्यात अर्थ नाही, ईमेल करा, तारीख राहते.

वकीलताई_गिरगाव
काकांशी सहमत. हवालदारांचं म्हणणं चूक आहे. आयटी ॲक्टच्या (माहिती तंत्रज्ञान कायदा) ६६सी कलमाला तुमचे पैसे जायलाच हवेत असं नाही, तुमची ओळख लबाडीने वापरली हाच गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. ऑनलाइन तोतयेगिरीला ६६डी. शिवाय लोन १ जुलै २०२४ नंतरचं आहे, म्हणजे आयपीसीच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता लागू, तिथे कलम ३१९, तोतयेगिरी करून फसवणूक, ५ वर्षांपर्यंत. सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकाच, पण तिथला नंबर म्हणजे एफआयआर नव्हे हे लक्षात ठेवा. स्टेशनला लेखी अर्ज द्या, आपल्या कॉपीवर शिक्का घ्या, नाहीच घेतला तर डीसीपींना पोस्टाने पाठवा, आणि तिथेही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोन ॲपच्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला एकच प्रश्न लेखी विचारा: पैसे कोणाच्या खात्यात गेले? आरबीआयच्या डिजिटल लेंडिंग (ॲपवरून कर्ज देण्याच्या) नियमांप्रमाणे लोनची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यातच जायला हवी (मोबाईल-फ्रिजसाठीचं लोन असेल तर दुकानदाराला जाऊ शकते, तुमचं तसं नाही). ते खातं तुमचं नसेल तर त्यांचीच पंचाईत आहे. सोबत करारनामा, केवायसीचे कागद आणि सेल्फी मागा, त्यांच्या लेखी कर्जदार तुम्हीच, मग तुमच्याच लोनचे कागद ते कोणत्या तोंडाने नाकारणार. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फी नाही, वकील पण लागत नाही (माझंच नुकसान करून सांगतेय). मध्येच आर्बिट्रेशनची (लवादाची) नोटीस आली तर कचऱ्यात टाकू नका, 'असा करार मी केलेलाच नाही' असं लेखी उत्तर जायलाच हवं. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग आहे, आणि फार कोणाला माहीत नसतं पण मंत्रालयात आयटी सचिवांकडेही आयटी ॲक्टखाली ५ कोटींपर्यंतचा दावा चालतो.

दादरचा_कट्टेकरी
राजकुमार रावच्या पॅनवर २५०० चं लोन काढलं होतं कोणीतरी, २०२२ मध्ये, त्याने स्वतःच ट्वीट केलेलं. तेव्हा आपण कोण टिकोजीराव. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर जाऊन तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा, आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. आणि झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर आधार-पॅन पाठवायचं बंद करा राव, त्याच्या कॉम्प्युटरवर अख्ख्या भांडुपची कुंडली पडलेली असते.

भांडुपचा_बंड्या
अपडेट. कंपनीने कागद पाठवले १७ दिवसांनी. खात्याचे शेवटचे चार आकडे आणि सेल्फी. सेल्फी माझ्या मावसभावाचा आहे. मागे गणपतीत गावाला तिकिटं काढायची म्हणून मीच त्याला सगळ्यांचे आधार आणि माझं पॅन दिलं होतं, पॅन कशाला हवं हे विचारलं पण नाही. आईला सांगितलं तर ती रडायला लागली, मावशी म्हणते मी पैसे देते पण पोलिसात नको. तक्रारीत 'अज्ञात इसम' असं लिहिलं तर चालेल का?

वकीलताई_गिरगाव
नाही चालणार. माहीत असून अज्ञात लिहिलंत तर खोटी माहिती दिली म्हणून तुम्हीच अडकाल, आणि सेल्फी तर कंपनीकडे आहेच, पोलीस दोन दिवसांत मावशीच्या दारात. एफआयआर झाल्यावर घरात मिटवू असंही सोपं नसतं, फसवणुकीचं कलम कोर्टाच्या परवानगीने मिटतं पण खोट्या कागदपत्रांचं, म्हणजे फोर्जरीचं लागलं तर हायकोर्टातच रद्द करून घ्यावं लागतं. म्हणून ठरवायचं ते आधी ठरवा. मावशीने पैसे भरायचे असतील तर तुमच्या नावावर भरू देऊ नका, काकांनी सांगितलंय तेच होईल. मावशीच्या मुलाने कंपनीला लेखी कबुली द्यावी, भरणा त्याच्या खात्यातून, आणि तुमच्या नावावरची नोंद 'सेटल्ड' न करता पूर्ण काढतोय असं कंपनीकडून आधी लेखी घ्या. कंपनी मानेलच असं नाही, त्या कबुलीवर ती स्वतःच त्याच्यावर केस करू शकते, आणि बऱ्याचदा ते एफआयआरशिवाय हलतच नाहीत.

रिटायर्ड_कॅशियर
बंड्याभाऊ, टोकनची मुदत कधी संपतेय? बिल्डरला आजच ईमेल टाका, डिस्प्यूट नंबर देऊन महिनाभर वाढवून मागा.

भांडुपचा_बंड्या
२८ तारखेला संपतेय काका. बिल्डरला टाकतो. मावशीला मात्र काय सांगू कळत नाहीये, ती दहा मिनिटांपासून खाली गेटवर उभी आहे.