रूममेट मिळतो, मित्र मिळत नाही

शिस्तीत (धागाकर्ता)

'परदेशी रूममेटला जिवलग कसं कराल' हा लेख सध्या सगळीकडे फिरतोय. त्यावर प्रतिसाद लिहायला बसलो आणि तो लेखापेक्षा लांब झाला, म्हणून वेगळा धागा. लेखातले सल्ले चार: पहिल्याच रात्री मन मोकळं करा, वस्तू सामायिक ठेवा, बारीकसारीक गोष्टींना 'चालेल' म्हणा आणि जाण्याआधी त्याच्या देशाबद्दल वाचून ठेवा. चारही सल्ले खड्ड्यात नेणारे आहेत.

आधी 'चालेल'. पहिल्या आठवड्यात रात्री एकपर्यंत मोठा दिवा चालू राहिला आणि तुम्ही 'चालेल' म्हणालात की तोच खोलीचा नियम झाला. पाचव्या आठवड्यात तुम्ही भडकता. कालपर्यंत चालत होतं ते आज का चालेना, हे त्या बिचाऱ्याला उमगतच नाही. मग दोघंही मनात एकच वाक्य म्हणतात, 'यांच्यात असंच असतं'. भांडण दिव्याचं, खापर संस्कृतीवर.

सामायिक वस्तू. सरसकट 'माझं ते तुझं' म्हणण्यापेक्षा तीन याद्या करा: न विचारता घ्या, विचारून घ्या, हात लावू नका. चार्जर पहिल्या यादीत, इस्त्री दुसऱ्या, टॉवेल आणि लॅपटॉप तिसऱ्या. संपणाऱ्या वस्तूंचं, म्हणजे साबण, कागद, कचऱ्याच्या पिशव्या, वेगळं खातं ठेवा. कुरबुर नेहमी संपणाऱ्या वस्तूंवरून होते, टिकणाऱ्यांवरून क्वचितच.

आणि एक पान लिहून काढा. झोपेची वेळ, अलार्म, पाहुणे, तापमान, सफाई, खर्च. त्यात आकडे हवेत. 'पाहुणे कमी आणायचे' या वाक्याला काडीची किंमत नाही. 'मुक्कामाला कोणी येणार असेल तर 24 तास आधी मेसेज, आठवड्यातून एकच रात्र, परीक्षेच्या आठवड्यात अजिबात नाही' हे वाक्य उपयोगाचं. चौथ्या आठवड्यात पान पुन्हा काढून दुरुस्त करायचं, कारण पहिल्या आठवड्यात कोणीच खरं बोलत नाही.

मैत्री झाली तर झाली. ती खोलीच्या भाड्यात धरलेली नसते.

मनमोकळी

दंडवत! एवढी कलमं घालून तर घटस्फोटही होत नाहीत.

सामानाच्या बॅगा उघडायच्या आधी जो कागद पुढे करतो, त्याच्याशी कोण बोलेल? माणसं शेजारी राहून जवळ येतात, याला पुरावा आहे. मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास केला, 1950 साली तो छापून आला. कोणाची मैत्री कोणाशी जमली, यात दोन दारांमधलं अंतर फार मोठं ठरलं. लगतच्या दारातला मित्र व्हायची शक्यता सर्वात जास्त. तुम्ही तर एका खोलीतल्या दोघांमध्ये भिंत बांधायला निघालात.

शिस्तीत

पुरावा अर्धाच वाचलात. 1976 मध्ये एबसेन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीत दुसरा प्रश्नही विचारला: तुम्हाला न आवडणारे लोक कुठे राहतात? तेही जवळच राहत होते. जवळ राहिल्याने ओळख वाढते, ती गोड की कडू हे दुसऱ्याच गोष्टींवर ठरतं. मित्राच्या बाबतीत ती गोष्ट गप्पा असतील, नावडत्याच्या बाबतीत आवाज आणि पसारा. माझं पान त्या दुसऱ्या गोष्टीसाठी आहे.

खिडकीवाला

मैत्री नंतर. आधी खिडकी.

बंद खोलीत दोन माणसं झोपली की रात्रभर श्वासातून आणि घामातून पाणी हवेत जातं. त्यात कोणी ओले कपडे खोलीतच वाळत घातले की एका धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी अजून. ते सगळं सर्वात थंड जागी जाऊन बसतं, म्हणजे काचेवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे. दोन महिन्यांत काळी बुरशी. एक म्हणतो 'हा खिडकी उघडून मला गोठवतो', दुसरा म्हणतो 'हा कोंदट वासात राहायलाच शिकलाय'. इथेही दोघं संस्कृतीला शिव्या घालतात आणि दोष दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्याचा, असतो.

उपाय: सकाळी आणि झोपण्याआधी हीटर बंद, खिडकी पूर्ण उघडी, 5 ते 10 मिनिटं, शक्य असेल तर दारही. मग सगळं बंद. दिवसभर फट ठेवण्यात शहाणपण नाही, हवा हळू बदलते आणि भिंत गार पडते ती वेगळीच.

मनमोकळी

खिडकीवाले, प्रत्येक धाग्यावर खिडकी?

खिडकीवाला

प्रत्येक खोलीला असते म्हणून.

रातकिडा

शिस्तीत साहेब, पान मान्य. पण ते ज्या भाषेत बोलून ठरणार, तिथेच घोळ होतो. 'तुला त्रास होत नाही ना?' असं इंग्रजीत विचारून बघा. समोरचा जपानी किंवा कोरियन बोलणारा असेल आणि 'येस' म्हणाला, तर त्याचा अर्थ बहुतेक 'बरोबर, होत नाही'. इंग्रजीच्या हिशेबात त्याच 'येस'चा अर्थ उलटा. मराठीत आपणही 'हो, नाही होत' म्हणतोच. म्हणून नकारार्थी प्रश्न बंद. 'चालेल ना?' हाही बंद, त्याला होकाराशिवाय उत्तर देणं अनेकांना उद्धटपणा वाटतो. '11 की 12?' असं विचारा. दोन्ही उत्तरं होकारार्थी असली की माणूस खरं सांगतो.

आणि 'त्याच्या देशाबद्दल वाचून जा' या सल्ल्याचा तर मी वैरी आहे. 2009 मध्ये स्टायव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 10 भाषांमध्ये मोजलं की हो-नाहीच्या प्रश्नाला उत्तर यायला किती वेळ जातो. सगळ्यांची सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद. 'जपानी माणूस थांबून विचार करून बोलतो' असं पुस्तकात वाचून गेलात, तर मोजमाप सांगतं की सर्वात झटपट उत्तर जपानीत, सरासरी अवघ्या 7 मिलिसेकंदांत. सर्वात संथ डॅनिश, 469. वाचून गेलेला माणूस रूममेटशी बोलत नाही, वाचलेल्या प्रकरणाशी बोलतो.

शिस्तीत

ही भर चांगली. पानाची भाषा बदलेन. पान राहील.

काडीपेटी

एक काडी टाकून जातो. तुमच्या पानात फोनचं कलम का नाही? वेळेच्या फरकामुळे रूममेट रोज रात्री 11 वाजता घरच्यांशी तासभर त्याच्या भाषेत बोलतो, आणि दुसऱ्याने छताकडे बघत पडायचं. उठून बाहेर जाऊन बोला की!

रातकिडा

थांबा. न कळणाऱ्या भाषेतला फोन उलट कमी त्रासाचा. 2010 चा एम्बरसन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग: माऊसने पडद्यावरच्या ठिपक्याचा पाठलाग करणाऱ्यांच्या कानावर फोनवरचं एकतर्फी बोलणं पडलं की लक्ष लागत नाही, दोन्ही बाजू ऐकू आल्या तर तितका त्रास नाही. कारण मेंदू पलीकडचं वाक्य भरायला बघतो. मग त्यांनी तेच बोलणं गाळून अस्पष्ट केलं, आवाजाचा चढउतार ठेवला आणि शब्द कळेनासे केले. त्रास नाहीसा झाला. म्हणजे आपल्याला कळणाऱ्या भाषेतला फोन वाईट, त्याच्या भाषेतला निरुपद्रवी.

काडीपेटी

गाळलेला आवाज म्हणजे परकी भाषा नव्हे हो! गाळल्यावर व्यंजनांचा खडखडाट जातो. परक्या भाषेत तो शाबूत असतो. 1976 चा कोल आणि वेल्श यांचा प्रयोग शोधा. जर्मन न कळणाऱ्या लोकांना जर्मन वाचन ऐकवत अक्षरं क्रमाने लक्षात ठेवायला सांगितली. एक शब्द कळत नव्हता तरी चुका वाढल्या. परक्या भाषेतला फोन अभ्यास मोडतो. निरुपद्रवी म्हणे!

रातकिडा

क्रमाने लक्षात ठेवणं हे एक विशिष्ट काम आहे. सूत्रं पाठ करताना त्रास होईल, निबंध वाचताना त्या कारणाने नाही. तुम्ही एका कामाचा निकाल सगळ्या रात्रीवर लावताय.

काडीपेटी

आणि तुम्ही माऊसने ठिपक्याचा पाठलाग करण्याचा निकाल झोपेवर लावताय. झोपणारा माणूस ठिपक्यामागे धावत नसतो.

मनमोकळी

दोघं मिळून एका माणसाच्या आईशी बोलण्यावर प्रयोगशाळा बसवताय. रात्री 11 चा फोन हा कदाचित त्याच्या दिवसातला एकमेव तास, ज्यात तो स्वतःच्या भाषेत विनोद करू शकतो. त्याला बाहेर थंडीत हाकलून तुम्ही मैत्री कराल?

काडीपेटी

मी मैत्री करायची म्हटलंच नव्हतं. झोपायचं म्हटलं होतं.

शिस्तीत

फोनचं कलम असं: 11 नंतर इयरफोन लावून, म्हणजे स्पीकरवरचा पलीकडचा आवाज तरी खोलीत येत नाही. आणि बोलणारा पडद्याकडे तोंड करून बसेल, उघड्या भिंतीकडे नाही. कडक भिंत आवाज परत फेकते, जाड पडदा थोडा गिळतो. आठवड्यातल्या दोन रात्री पूर्ण शांततेच्या, दुसऱ्या दिवशी ज्याला सकाळचा तास असेल त्याने त्या निवडायच्या. आता ही प्रयोगशाळा वेगळ्या धाग्यावर हलवा.

खिडकीवाला

जाड पडदा हीटरवर लोंबत असेल तर उष्णता काचेकडे जाते. काठ हीटरच्या वरच संपला पाहिजे.

मनमोकळी

शिस्तीत, तुमच्या पानावर माझा खरा आक्षेप अजून आलाच नाही. पान भांडण टाळतं, मान्य. (हो, म्हटलं मान्य, चौकट करून लावा भिंतीवर.) पण न भांडणारे दोघं म्हणजे मित्र नव्हेत. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये तासांचा अंदाज मांडला: ओळखीच्या माणसाचा जुजबी मित्र व्हायला साधारण 50 तास, मित्र व्हायला 90, जवळचा मित्र व्हायला 200 च्या वर. आणि नुसतं एकत्र काम करण्यातले तास तितके मोजले जात नाहीत. एका खोलीत दोघं हेडफोन लावून बसले तर वर्षभरात तास किती? शून्य. तुमचं पान पाळणाऱ्या दोघांचं हेच होणार, कारण ते फक्त एकमेकांच्या वाटेत न येण्याचे नियम आहेत.

त्यात एकच कलम घाला: दर आठवड्याला दोघांनी मिळून धुणं. मशीन सुमारे पाऊण तास चालतं, ड्रायर साधारण तेवढाच. दीड तास, आणि सोडून जाता येत नाही कारण मशीन थांबलं की रांगेतला मागचा माणूस तुमचे कपडे बाहेर काढून ठेवतो. समोरासमोर बसून 'आता बोलू या' असा अवघडलेपणा नाही, हात कामात, नजर मशीनच्या काचेवर. ज्याची भाषा अडखळते त्याला वाक्य जुळवायला वेळ मिळतो. घड्या घालताना हा शर्ट कुठला, हा डाग कशाचा, विषय आपोआप निघतात. 30 आठवडे धरा, 45 तास. जुजबी मित्र जवळपास इथेच होतो.

शिस्तीत

धुण्याचं कलम घेतो. नाइलाजाने. पण पांढरे-रंगीत वेगळे करायचं तुमच्या मन मोकळं करण्याच्या भरात राहून जाईल.

रातकिडा

धुण्याच्या कलमात एक मेख आहे. मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्टने 1954 मध्ये सांगितलं की दोन गटांतली माणसं जवळ येऊन पूर्वग्रह कमी व्हायला चार गोष्टी लागतात: बरोबरीचं स्थान, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि वरून, म्हणजे अधिकाऱ्यांचा किंवा नियमांचा, पाठिंबा. खोलीत पहिलीच मोडते. एकाला तिथली भाषा येते, त्यामुळे दुरुस्तीवाल्याला फोन तोच करतो, घरमालकाची पत्रं तोच वाचतो. करार त्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर मग बोलायलाच नको, अनामतही त्याच्या खात्यात. दुसरा कायमचा पाहुणा. यावर धुणं पुरत नाही. दर महिन्याला एक पत्र भाषा न येणाऱ्याने वाचायचं, एक फोन त्याने करायचा, दुसऱ्याने शेजारी बसून गप्प राहायचं. गप्प राहणं हे कठीण काम, मदत करणं सोपं.

आणि मनमोकळी, जवळ राहून सगळं गोड होतं असं नाही. शूक आणि फाझिओ यांचा 2008 चा अभ्यास: अमेरिकेतल्या एका विद्यापीठात गोऱ्या विद्यार्थ्यांना चिठ्ठी टाकल्यासारखे गोरे किंवा काळे रूममेट मिळाले. मिश्र खोल्यांतले विद्यार्थी कमी समाधानी होते, एकत्र वेळही कमी घालवत. तरी सत्र संपेपर्यंत त्यांच्या मनातला आपसूक उमटणारा पूर्वग्रह कमी झाला होता.

मनमोकळी

म्हणजे मीच बरोबर.

शिस्तीत

कमी समाधानी, हे शब्द वगळून.

नवखी

पुढच्या महिन्यात जायचं आहे. सगळं वाचलं. पण ते पान पुढे करायचं कसं, समोरचीला अपमान वाटणार नाही असं?

शिस्तीत

पान पुढे करू नका, आधी स्वतःचे दोष सांगा. 'माझी झोप कच्ची आहे, मी 7 ला उठते, अलार्म दोनदा वाजतो. तुझं काय?' मग दोन कोरे कागद. दोघींनी वेगवेगळं, दहा मिनिटं, स्वतःच्या तीन सवयी आणि न सहन होणाऱ्या दोन गोष्टी लिहायच्या, मग अदलाबदल. तोंडावर 'नाही' म्हणणं ज्यांना जड जातं ते कागदावर म्हणतात. पहिल्याच दिवशी नको, प्रवासाचा शीण आणि झोपेचं वेळापत्रक बिघडलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी.

मनमोकळी

आणि तिच्या नावाचा उच्चार तिच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून घ्या, पहिल्याच दिवशी. महिन्याभराने विचारायला लाज वाटते, मग वर्षभर 'ए' म्हणून हाक मारावी लागते.

काडीपेटी

अलार्म दोनदा वाजतो म्हणे! स्नूझवर कलम कुठंय? रूममेटसाठी तो दोन अलार्मच असतो. कंप पावणारा पट्टा मनगटाला बांधा.

शिस्तीत

आता स्नूझ नको. धागा बंद करण्याची विनंती करतोय.

खिडकीवाला

नवखी, कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून असेल तर पहिल्या दिवशीच 5-10 सेंटीमीटर पुढे ओढून घ्या. दोघी मिळून ओढा, एकटीला जड जातं.