नवऱ्याच्या नकळत दारू सोडवण्याची गोळी द्यावी का?

माहेरवाशीण (धागा)
'न सांगता दारू सोडवा' असे सांगून विकल्या जाणाऱ्या पुड्यांविषयी मी बोलत नाही, कारण त्यांत काय असते ते विकणाऱ्यालाच ठाऊक. प्रश्न डॉक्टर दारू सोडवायला देतात त्या डायसल्फिरॅमचा आहे. ही गोळी आमटीत मिसळून देणाऱ्या बायका माझ्या पाहण्यात आहेत आणि त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पगार गुत्त्यावर जातो, रात्री मार बसतो आणि डॉक्टर म्हणतात, पेशंटला घेऊन या. 'मला कुठे व्यसन आहे?' असे विचारणाऱ्या माणसाची संमती आणायची तरी कुठून? माझ्या मते अशा घरात गोळी द्यावी.

औषधवाला
ताई, या गोळीने दारूची ओढ मुळीच कमी होत नाही. यकृतात दारूपासून ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते आणि त्याचा पुढे निचरा करणारे विकर (एन्झाइम) ही गोळी अडवते. म्हणून वर दारू पडली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो आणि हृदय आधीच अधू असेल तर माणूस दगावूही शकतो. ज्याला सांगून गोळी दिलेली असते तो या धास्तीने बाटलीपासून लांब राहतो. ज्याला पत्ताच नाही, तो नेहमीप्रमाणे क्वार्टर लावणार, त्रास झाला की माल भेसळीचा होता म्हणणार आणि दुसरे दुकान गाठणार. शेवटच्या दारूनंतर किमान 12 तास गेल्याशिवाय ही गोळी सुरू करत नाहीत आणि बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. रोज पिणाऱ्याच्या आमटीत हे गणित कोण सांभाळणार?

माहेरवाशीण
धोका मान्य आहे, पण रोजच्या क्वार्टरनेही यकृत सडतेच आणि त्याला कोणी संमती विचारत नाही. दुसरा रस्ता असेल तर सांगा.

सातारकर
रस्ता आहे. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचे व्यसनही येते. रुग्ण स्वतःच्या किंवा घरच्यांच्या जिवावर उठत असेल, तर एक मानसोपचारतज्ज्ञ व आणखी एक डॉक्टर स्वतंत्रपणे तपासतात आणि पत्नी नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे कायद्याने रुग्णाच्या वतीने बोलणारी व्यक्ती, असेल तर तिच्या अर्जावरून त्याला 30 दिवसांपर्यंत दाखल करता येते. एकदम दारू तुटली की हात थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होतो. त्यामुळे ते पहिले दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढावेत. नवरा तयार नसला तरी पत्नीने स्वतः ॲल-ॲनॉनच्या, म्हणजे व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी असलेल्या मदतगटाच्या, सभेला जावे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट आहे.

मी स्वतः हीच गोळी घेत असे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून बायको सकाळी ती पाण्यात विरघळवून पेला हातात देई आणि पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलत नसे, कारण अख्खी गोळी मी जिभेखाली दडवून नंतर मोरीत थुंकलो असतो. चोरून दिली असती आणि मला कळले असते, तर तिच्या हातचे जेवणही मी सोडले असते.

माहेरवाशीण
दादा, आपण पेला हातात घेतलात, म्हणजे निम्मे काम आपणच केले होते. ज्या घरात तो पेला भिंतीवर फुटेल आणि जिथून मानसोपचारतज्ज्ञापर्यंत जायला अख्खा दिवस मोडतो, तिथल्या बाईला कायद्याचे कलम दाखवून काय उपयोग? सहचरीचा पत्ता मात्र मी पुढे पाठवते. गोळीबद्दलचे माझे मत अजून बदललेले नाही. फक्त नवऱ्याला हृदयविकार असलेल्या बाईला मी आजच फोन करते आहे.