पिशवीत फुंकलं की झालं, असं नाही

श्वासातलं अल्कोहोल मोजायला पिशवीत फुंकायचं आणि लॅबला पाठवायचं, असं म्हणतात, पण तेवढ्याने नमुना होत नाही हो. सुरुवातीची फुंकर तोंडा-घशातल्या हवेची, ती सोडून द्यायची, फुफ्फुसातली शेवटची हवाच रक्तातल्या अल्कोहोलशी जुळते. माउथवॉश घेतला असेल किंवा ढेकर आला असेल तर निदान १५ मिनिटं थांबायलाच पाहिजे, नाहीतर आकडा फुगतो आणि माणूस उगाच अडकतो, हे मला फार गंभीर वाटतं. पिशवी गार पडली की आत पाणी धरतं आणि इथेनॉल (दारूतलं अल्कोहोल) त्यात विरघळतं, म्हणून गरम करून मगच जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफ, वायूतले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लावायची. श्वास शोषक नळीत धरणार असाल तर टेनॅक्सच्या (एक सच्छिद्र पॉलिमर) नळीत इथेनॉल आणि ॲसिटाल्डिहाइड (शरीरात अल्कोहोलपासून बनणारा पदार्थ) नीट थांबत नाहीत, कार्बन मॉलिक्युलर सीव्हवाली (अगदी बारीक छिद्रांच्या कार्बनची) घ्या. शिवाय ॲसिटाल्डिहाइड तोंडातले जंतूही बनवतात, ते सगळं रक्तातलं धरू नका.