मारातल्या कॉन्झर्व्हन्सी: मसाईंची कमाई की कुरणाला कुलूप?

माळरान
जुलै जवळ आला की मुंबई-पुण्याच्या टूरवाल्यांच्या केनियातल्या मसाई मारा राखीव क्षेत्राच्या जाहिराती सुरू होतात आणि पाठोपाठ वाद: तिथल्या मसाई पशुपालकांना यातलं काय मिळतं? माझं मत असं की राखीव क्षेत्रात मुक्काम करण्यापेक्षा शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे मसाईंनी वन्यजीव-पर्यटनासाठी भाड्याने दिलेल्या जमिनीवर, करावा.

राखीव क्षेत्र (सुमारे १,५१० चौ. किमी) नारोक काउंटीचं. तिकिटाचा पैसा काउंटीकडे जातो. उत्तरेला आणि पूर्वेला ओल किन्येई, ओलारे मोतोरोगी, मारा नॉर्थ, नाबोइशो या कॉन्झर्व्हन्सी आहेत, ती जमीन मात्र मसाई कुटुंबांच्या नावावर आहे. १९६८ च्या कायद्यातून ग्रुप रँच म्हणजे सामूहिक जमिनी झाल्या, पुढे त्यांच्याही वाटण्या झाल्या. त्यांतल्या कोइयाकी ग्रुप रँचमध्ये माणशी साधारण १५० एकर आले. सुट्ट्या १५० एकरांत ना गुरांचं भागतं ना हत्तींचं. म्हणून मालकांनी तुकडे पुन्हा जोडले आणि कॅम्पवाल्यांना भाडेपट्ट्याने दिले. २०१० ची नाबोइशो सुमारे ५०,००० एकरांची आहे आणि मालक पाचशेच्या वर.

तिथे ३५० एकरांमागे एक तंबू, एका सिंहाभोवती जास्तीत जास्त पाच गाड्या, बाहेरच्या मिनीबसना बंदी. भाडं थेट मालकाच्या खात्यात जमा होतं, तंबू रिकामे असले तरी. ‘थेट’ला महत्त्व आहे. ग्रुप रँचच्या काळात पैसा समितीकडे यायचा आणि बराचसा तिथेच मुरायचा.

सडेतोड
भाडं कुणाला? ज्याच्या नावावर तिथला ‘सातबारा’ त्याला. वाटणीत नावं लागली ती बहुतेक घरच्या पुरुषांची, आणि समितीच्या जवळच्यांना मोक्याची जमीन मिळाली. बायकांना आणि वाटणीत सुटलेल्यांना भाडं नाही, पण बंद झालेलं कुरण त्यांचंही होतं.

शिवाय कुरण बंद केलं म्हणून गुरं हवेत विरत नाहीत. ती शेजारच्या जमिनीवर जातात, नाहीतर रात्री राखीव क्षेत्रात शिरतात. तिथे सिंहाने गाय मारली की मढ्यावर कीटकनाशक टाकलं जातं. डिसेंबर २०१५ मध्ये ‘मार्श प्राइड’ या माराच्या प्रसिद्ध कळपातल्या सिंहांवर असाच विषप्रयोग झाला. त्या मढ्यावर येणारी गिधाडंही मरतात, त्यांची मोजदाद कोण ठेवतं?

आणि ‘तंबू रिकामे असले तरी भाडं’ हे २०२० पर्यंत ठीक होतं. विमानं थांबली, कॅम्प बंद पडले आणि बऱ्याच ठिकाणी भाडं कापावं लागलं. गाय निदान दूध तरी देत राहते.

गोठा
दोघंही कुरणाला कुलूप असल्यासारखं बोलताय. चांगल्या चाललेल्या कॉन्झर्व्हन्सीत चराई बंद नसते, पाळीने असते. क्षेत्राचे गट पाडतात, एका वेळी एकाच गटात गुरं सोडतात आणि पर्यटकांच्या गाड्या तिकडे नेत नाहीत. उंच, वाळलेलं गवत गुरांनी खाल्लं की खालून कोवळं फुटतं. गॅझेल आणि टोपी या हरणांना तेच हवं असतं, कारण आखूड गवतात शिकारी लांबून दिसतो. संध्याकाळी गुरं बोमात, म्हणजे आपल्या धनगरांच्या वाडग्यात म्हणा. ही पद्धत मसाईंचीच आहे. वासरांसाठी राखून ठेवलेल्या कुरणाला ते ओलोपोलोली म्हणतात.

बिघडतं ते दुष्काळात. पाळी ठरलेली असते, पण बाहेरचे कळप आत येतात, रेंजर दंड लावतात, आणि दंडाचा पैसा गोळा करायला गुरं विकावी लागली की तोच गुराखी वाघरासारखा चवताळतो. नाही, तिकडे वाघ नाहीत, माहीत आहे.

विल्डबीस्टची, म्हणजे कळपाने स्थलांतर करणाऱ्या मोठ्या हरणांची, गोष्ट वेगळी. लोइटाच्या पठारावर जानेवारी ते मार्च त्यांची पिल्लं होतात. पिल्लांच्या नाका-डोळ्यांतल्या स्रावातून गुरांना मॅलिग्नंट कॅटाराल फीव्हर हा विषाणूचा ताप होतो आणि लागण झालेलं जनावर क्वचितच वाचतं. म्हणून मसाई नेमक्या चांगल्या गवताच्या दिवसांत ते पठार सोडून गुरं दूर नेतात. वन्यजीवांचं हे खरं भाडं आहे, आणि कुठल्याही पट्ट्यात ते धरलेलं नाही.

चंद्रपूरकर
बोम्याचं आणखी सांगा. बिबट्यासाठी आमच्याकडे जाळीचे गोठे करतात, तसंच का?

गोठा
जवळपास. जुना बोमा काटेरी फांद्यांचा. सिंह सहसा आत उडी मारत नाही. तो वाऱ्याच्या दिशेने बाहेर फिरतो, वासाने गुरं बिथरतात आणि स्वतःच कुंपण फोडून बाहेर पडतात. म्हणून खांब पक्के रोवून साखळीजाळी लावतात. चुका ठरलेल्या: जाळी जमिनीत पुरली नाही तर तरस खालून उकरतो, आणि दार जुन्याच फांद्यांचं ठेवलं की सगळा खर्च वाया. बिबट्या चढतो, त्यामुळे शेरडांच्या कप्प्याला वरूनही जाळी हवी.

माळरान
सडेतोड, बायकांचा मुद्दा मान्य. त्यावर ‘कॅम्पमध्ये बायकांची मण्यांच्या दागिन्यांची दुकानं आहेत’ हे उत्तर होऊ शकत नाही. पण पर्याय काय? पट्टा नसेल तर मालक कुंपण घालतो, गहू पेरणाऱ्याला जमीन देतो किंवा विकतो. १९७७ ते २०१६ या काळात केनियातले वन्यप्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटले आणि शेळ्या-मेंढ्या ७६ टक्क्यांनी वाढल्या, हे हवाई गणनेचे आकडे आहेत. नुकसानभरपाईवर विसंबायचं म्हणाल तर २०१३ च्या कायद्यात माणूस दगावल्यास ५० लाख शिलिंग लिहिलेत, पण दावे वर्षानुवर्षं पडून राहतात. भाडं निदान येतं.

सडेतोड
तुमचा आकडा शेळ्यांवर ढकलायला सोपा आहे. त्याच गणनेत गाई २५ टक्क्यांनी कमी झाल्यात. म्हणजे कुरण तुटलं की माणूस गाय सोडून शेळीकडे वळतो.

आणि नावावर जाऊ नका. मारा नदीच्या पश्चिमेचा त्रिकोण ‘मारा कॉन्झर्व्हन्सी’ नावाची संस्था २००१ पासून चालवते, पण तो राखीव क्षेत्राचाच भाग आहे. तिथे भाडं घेणारा मसाई मालक नाही. सीमेपलीकडे टांझानियातल्या लोलिओंडोत जून २०२२ मध्ये १,५०० चौ. किमीवर खुंट ठोकून मसाईंना बाहेर काढलं, तेही संवर्धनाच्याच नावाने.

चंद्रपूरकर
मग बुकिंग करणाऱ्याने टूरवाल्याला विचारायचं काय?

माळरान
तंबू कोणत्या कॉन्झर्व्हन्सीत आहे, नाव सांगा. कॉन्झर्व्हन्सी शुल्क बिलात वेगळं दाखवा. राखीव क्षेत्राचं तिकीट किती दिवसांचं धरलंय तेही विचारा. जुलै ते डिसेंबर प्रौढ परदेशी पर्यटकाला ते २०० डॉलर आहे आणि फक्त १२ तासांचं, त्यामुळे तिथेच बजेट फुगतं. रात्रीची सफारी किंवा पायी फिरणं देत असतील तर मुक्काम बहुधा खरोखर कॉन्झर्व्हन्सीत आहे, राखीव क्षेत्रात या दोन्हींना सहसा मनाई असते.

सडेतोड
आणि पट्ट्याची मुदत कधी संपते तेही विचारा. मधल्याच एका मालकाने नूतनीकरणाला नकार देऊन १५० एकरांना तार लावली, तर विल्डबीस्टची वाट तिथेच अडते.