प्रतिसाद : फुकटची हमाली कशाला?

वर विचारलंय की एम.ए. इतिहास करणाऱ्या पोरानं विकिपीडियावर फुकट राबून काय मिळतं. माझ्यापुरतं सांगतो.

मी धाराशिव जिल्ह्यातला. तेर गाव म्हटलं की आमच्याकडं गोरोबाकाका (संत गोरा कुंभार), बस्स. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात हेच गाव 'तगर' म्हणून येतं, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. इथलं कापड गाड्यांवरून भडोच बंदराला जायचं. हे मला एम.ए.ला आल्यावर कळलं, आधी कुणी सांगितलंच नाही!

लगेच लेख लिहायला बसलो. तिथल्या त्रिविक्रम मंदिराबद्दल 'हे मूळचं बौद्ध चैत्यगृह', म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, असं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी वाक्यापुढं कुणीतरी 'संदर्भ हवा' अशी खूण लावलेली. राग आला, खोटं कशाला बोलू. पण शोधायला गेलो तर कळलं, विटांची बांधणी आणि मागची अर्धगोल बाजू यावरून काढलेलं ते अनुमान आहे, आणि त्यावर अभ्यासकांत वाद आहे. मग दोन्ही मतं लिहिली, कोण काय म्हणतं त्या नावानिशी.

तेव्हापासून खोड लागली. घरी कुणी 'आपलं गाव पांडवांनी वसवलं' म्हणालं की तोंडातून 'कशावरून?' निघतं. आजी वैतागते. तिच्या आठवणी मात्र वहीत उतरवून ठेवतो. विकिपीडियाला आधी कुठंतरी प्रसिद्ध झालेला आधार लागतो, तिथं त्या चालत नाहीत, आणि हा नियम मला अजूनही पुरता पटलेला नाही. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या काळातलं आमच्या भागातलं कितीतरी फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे.