अनोळखी पालक आपल्या मुलाला चारचौघांत घालूनपाडून बोलत असेल, तर मध्ये पडावे का?

प्रश्न

गेल्या आठवड्यात रेल्वेच्या प्रतीक्षालयात माझ्या समोरच्या बाकावर एक गृहस्थ आणि त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी बसली होती. तिच्या हातून पाण्याची बाटली निसटली, थोडे पाणी त्यांच्या पिशवीवर सांडले आणि पुढची दहा मिनिटे ते तिला ‘अक्कल गहाण टाकली आहेस का’, ‘तुझ्यासारखी कार्टी कोणाच्या पोटी येऊ नये’ असे वाटेल ते बोलत राहिले. त्यांनी हात उगारला नाही. मुलगी बाटलीचे झाकण लावू पाहत होती. ते आट्यांवर नीट बसत नव्हते आणि ती ते पुन्हा पुन्हा तिरपेच फिरवत होती. सगळ्यात जास्त मनाला लागले ते हे, की ती वडिलांकडे पाहतच नव्हती. कोण कोण ऐकत आहे, हे ती आम्हां बाकीच्यांकडे चोरून बघत होती. तिची नजर माझ्याकडे वळली तेव्हा मी मोबाइलमध्ये डोके घातले. मी बोललो असतो तर त्याचा राग घरी तिच्यावरच निघाला असता, अशी मी स्वतःची समजूत घातली, पण ती मला पटत नाही. अशा वेळी परक्या माणसाने मध्ये पडावे का, आणि पडायचे तर कसे?

पहिला प्रतिसाद

त्या गृहस्थांच्या जागी मी स्वतः एकदा होते, म्हणून लिहिते आहे. सलग तीन रात्री नीट झोप नव्हती, मुलगा चार वर्षांचा होता आणि लांबलचक रांगेत त्याने भोकाड पसरले होते. मी त्याला जे बोलले ते इथे लिहवत नाही. पुढे उभ्या असलेल्या एकाने ‘लहान मुलाशी असे बोलतात का?’ असे सुनावले, तेव्हा लाज वाटण्याऐवजी माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी मुलाचे मनगट आणखी घट्ट आवळले. त्यानंतर मागच्या एक वयस्कर बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, ‘दमलात हो तुम्ही. पिशवी माझ्याकडे द्या, बाळाला कडेवर घ्या.’ मी त्याला उचलले आणि मलाच रडू फुटले. चूक माझीच होती, हे मला त्या पहिल्या माणसाचे ऐकूनही कळत होते. पण थांबता आले ते त्या बाईंमुळे.

दुसरा प्रतिसाद

मी मुलांच्या समुपदेशनाचे काम करते, त्यामुळे पहिल्या प्रतिसादातील अनुभव मला अगदी ओळखीचा वाटला. ‘मारले तर नाही ना’ या निकषावर आपण फार गोष्टी सोडून देतो. अमेरिकेत फेलिट्टी, अँडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ हजारांहून अधिक प्रौढांच्या बालपणाचा अभ्यास करून १९९८ साली तो प्रसिद्ध केला, त्यात घरातील मोठ्यांकडून वारंवार होणारा शाब्दिक अपमान हा छळाचा एक स्वतंत्र प्रकार धरला होता. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातही कलम १९ मध्ये शारीरिक हिंसेच्या जोडीने मानसिक हिंसेचा उल्लेख आहे. अर्थात एखाद्या दिवशी तोल सुटणे आणि रोज मूल पायदळी तुडवले जाणे यांत फरक आहे, आणि प्रतीक्षालयात दहा मिनिटे बसून तो आपल्याला ओळखता येत नाही. म्हणूनच पालकाचा न्यायनिवाडा करायला जाऊ नये, प्रसंगातला ताण उतरवावा. वेळ विचारावी, सांडलेले पुसायला रुमाल पुढे करावा, ‘लांबचा प्रवास आहे का?’ असे काहीतरी बोलावे. रागाची साखळी तुटायला एवढेही पुष्कळदा पुरते. मात्र हात उगारला गेला, मूल जिवाच्या भीतीने आक्रसले किंवा पालक नशेत असला, तर गोड बोलण्यात वेळ न दवडता तिथल्या कर्मचाऱ्यांना आणि पोलिसांना बोलवावे.

तुम्ही मोबाइलमध्ये डोके घातले, याबद्दल एक सांगते. बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८ च्या प्रयोगात खोलीत धूर सोडला, तेव्हा एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी उठून ते कळवले, पण तीन अनोळखी माणसे एकत्र होती तिथे फक्त ३८ टक्के गटांतून कोणीतरी उठले. प्रत्येकजण इतरांच्या गप्प बसण्यावरून ‘फारसे काही घडलेले नसावे’ असा अर्थ काढतो.

तिसरा प्रतिसाद

मी अशा घरात वाढलो आहे आणि तुमची भीती खोटी नाही. एकदा एका सद्गृहस्थांनी माझ्या वडिलांना भर रस्त्यात खडसावले. ‘तुझ्यामुळे मला लोकांचे ऐकून घ्यावे लागले’ हे मी घरी पुढे कित्येक दिवस ऐकले. त्यामुळे पालकाला चारचौघांत खाली पाहायला लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पण गप्पही बसू नका. दुसऱ्या एका प्रसंगी माझ्या हातून सुटे पैसे विखुरले आणि वडिलांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, तेव्हा एका अनोळखी माणसाने खाली वाकून माझ्याबरोबर नाणी गोळा केली आणि ‘माझ्या हातूनही पडतात’ एवढे म्हटले. वडील त्यावर काही बोलू शकले नाहीत. ती नाणी पडली यात मी वाईट असण्याचा काही संबंध नव्हता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कोणाच्या तोंडून कळले, आणि आज चाळिशी उलटल्यावरही मला त्याचा आवाज आठवतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. वडिलांना काय बोलायचे, याच्याच विचारात मी इतका गुंतलो होतो, की मुलीशी बोलता येईल हे मला सुचलेच नाही. ते झाकण माझ्यापासून दोन हातांवर होते. ‘दे, मी लावून देतो, ते असेच अडकते’ असे मला म्हणता आले असते.