निवासमंडपाचा नमुना: अंगण प्लायवर बसेना, दीपवृक्ष जुळेना

रावपुरा_वडोदरा: वाचनालयातल्या प्रदर्शनासाठी बायबलच्या जुन्या करारातल्या निवासमंडपाचा, म्हणजे इस्राएली लोकांच्या तंबूसारख्या उपासनास्थळाचा, नमुना चाललाय. खाली 8×4 फुटी प्लाय आहे. 1:10 प्रमाणानं अंगण बाहेर जातं. अंगणाचे खांब 60 हवेत, माझे 64 होतात. दीपवृक्षाची (फांद्यांच्या दिवठणाची) एक फांदी सोल्डर केली की दुसरी निखळते.

मोजपट्टी: 1 हात म्हणजे 45 सेंमी धरा आणि 1:20 घ्या. 100×50 हातांचं अंगण 225×112.5 सेंमी होतं, प्लाय 244×122. कराराचा कोश (दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी) 5.6×3.4×3.4, होमवेदी 11.25×11.25×6.75. खांब दर 11.25 सेंमीवर. तुम्ही चारही कोपरे दोनदा मोजलेत, म्हणून 64. कोपऱ्याचा खांब एकाच बाजूच्या हिशेबात धरा: 20, 10, 20, 10. पूर्वेकडचे दहा 3-4-3 असे. मधले चार दाराच्या पडद्याचे.

पितळकाम: भाऊ, सहा फांद्या सुटया लावूच नका. मधल्या 3 मिमी सळईला एकाखाली एक तीन भोकं पाडा आणि प्रत्येकातून 1 मिमीची एकच अखंड तार ओवून दोन्ही टोकं वर वळवा. सहा जोडांचे तीन झाले. आधीच्या जोडाला ओलं फडकं गुंडाळून पुढचा तापवा, नाहीतर उष्णता सळईतून जाऊन तो पुन्हा वितळणारच. सोल्डर झाकायला जोडाखाली मणी बसवा. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या 25व्या अध्यायातही फांद्यांच्या प्रत्येक जोडीखाली एक बोंड सांगितलंय. बदामफुलाच्या वाट्या 22: फांदीला तीन, खोडाला चार. मूळ दीपवृक्ष मात्र एक किक्कार (जुनं वजनाचं माप) शुद्ध सोनं ठोकून अखंड घडवलेला. वर मेणबत्त्या नकोत, तेलाचे दिवे हवेत, आणि सातच. नऊ दिव्यांचा हनुक्का या ज्यू सणाचा, तो वेगळा.

मोजपट्टी: मांडणीही सांगून ठेवतो. दार पूर्वेला. आत गेल्यावर आधी होमवेदी, मग गंगाळ, मग मंडप. मंडपात उत्तरेला बारा भाकरींचं मेज, दक्षिणेला दीपवृक्ष, आतल्या पडद्यापुढे धूपवेदी, त्याच्याआड फक्त कोश. होमवेदीला पायऱ्या करू नका, निर्गम 20 मध्ये सरळ मनाई आहे. गंगाळाचं माप ग्रंथात नाही, नजरेला पटेल ते घ्या.

रावपुरा_वडोदरा: तारेची युक्ती जमली! वस्तू उचलायचे दांडे सगळ्यांचे काढता येतील असे ठेवू?

पितळकाम: वेद्यांचे आणि मेजाचे ठेवा. कोशाचे कड्यांतून कधीच काढायचे नाहीत, तिथे चिकटवूनच टाका. बाभूळ चिरते, म्हणून कड्यांसाठी आधी बारीक भोक पाडा. सोनेरी मुलामा कोशाला आतूनही हवा.